मधल्या मारुतीजवळचे मसाला कांडप: जिरे, काळे तिखट आणि रोजच्या भाज्या

सोलापुरात रोजच्या भाजीसाठी जिरे आणि मसाला कोठून घ्यावा, असे कोणी विचारले तर मी मधल्या मारुतीजवळच्या एका बोळातील कांडपाकडे बोट दाखवते. या कांडपावर नावाची पाटी नाही. ‘मिरची व मसाला कांडून मिळेल’ एवढेच भिंतीवर रंगवलेले आहे. पुढे धने, जिरे, तीळ, खोबरे आणि मिरचीची पोती उघडी मांडलेली असतात, त्यामागे लोखंडी कढईची शेगडी आणि सर्वांत आत उखळात आळीपाळीने पडणारे लोखंडी मुसळ असलेले यंत्र. येथून सुटे जिरे घेता येतात, मसाला भाजून-कांडून घेता येतो, आणि मालकांनी स्वतः तयार केलेले काळे तिखट व शेंगाचटणीही मिळते. या चारही गोष्टींचा दर्जा सारखा नाही, म्हणून त्यांच्याविषयी वेगवेगळे लिहिणे मला योग्य वाटते.

आधी जिऱ्याविषयी. भाजीत पडणाऱ्या सगळ्या मसाल्यांमध्ये जिरे सर्वांत गृहीत धरले जाते. मिरची आपण रंग पाहून, तोडून, वास घेऊन निवडतो, खोबरे खवट नाही ना हे चाखून पाहतो, आणि जिरे मात्र ‘पाव किलो द्या’ म्हणून मोकळे होतो. वास्तविक साध्या भाजीत, जिथे कांदा-खोबऱ्याचे वाटण नसते तिथे, चवीचा बहुतेक भार एकट्या जिऱ्यावर असतो. ते जुने असेल तर भाजी कितीही निगुतीने केली तरी मुकीच राहते.

या कांडपात जिरे गुजरातमधील उंझ्याच्या बाजारातून आलेले असते, असे मालक सांगतात. उंझा ही जिऱ्याची देशातील सर्वांत मोठी बाजारपेठ. गुजरात आणि राजस्थानच्या कोरड्या, थंड रब्बी हंगामात जिऱ्याचे पीक येते आणि फेब्रुवारी-मार्चपासून नवा माल बाजारात उतरू लागतो, त्यामुळे आपल्याकडे उन्हाळी मसाल्याची लगबग सुरू होते तेव्हाच जिरेही ताजे मिळते. व्यापारात ९९ टक्के स्वच्छ मालाला ‘सिंगापूर क्वालिटी’ आणि साडेनव्व्याण्णव टक्के स्वच्छ मालाला ‘युरोप क्वालिटी’ म्हणतात. येथे मला मिळाले ते पहिल्या प्रतीचे म्हणता येईल असे होते. दाणा बारीक, करडा, थोडा हिरवट छटा असलेला, काड्या क्वचित आणि माती अजिबात नाही. चिमूटभर जिरे तळहातावर घेऊन चोळले की वास लगेच वर येतो आणि हाताला काहीही लागत नाही.

हाताला काही लागत नाही, हे मुद्दाम लिहिते आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात जिऱ्याचा घाऊक भाव क्विंटलमागे ५० हजार रुपयांच्या पुढे गेला होता, आणि भाव चढला की भेसळही वाढते. गवताचे बी कोळशाच्या भुकटीने रंगवून जिऱ्यात मिसळतात. असे जिरे तळहातावर चोळले तर हात काळे होतात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही घरच्या घरी करण्याची परीक्षा म्हणून हीच सांगितली आहे. त्या काळात शहरातील दुसऱ्या एका दुकानातून आणलेल्या जिऱ्याने माझ्या तळहातावर काळा पट्टा उमटला होता. तेव्हापासून कोठेही जिरे घेताना आधी चोळून पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. या कांडपाच्या मालकांना त्याचा राग येत नाही. उलट पोत्याच्या तळातला दाणा घेऊन चोळा, असे तेच सांगतात. वरचा थर स्वच्छ ठेवून खाली जुना माल दडवण्याची चाल अनेक ठिकाणी असल्यामुळे मला हा मोकळेपणा मोलाचा वाटतो.

आता भाजण्याविषयी, कारण या ठिकाणची खरी करामत तेथे आहे. भाजण्याचे काम मालकांच्या घरच्या एक वडीलधाऱ्या बाई करतात. सगळे गिऱ्हाईक त्यांना अक्का म्हणते. बहुतेक कांडपांवर घरून भाजून आणलेला मसाला केवळ कुटून देतात. येथे कच्चा मसाला दिला तर तो भाजण्याची जबाबदारीही घेतली जाते, आणि प्रत्येक जिन्नस वेगळा भाजला जातो. धने मंद आचेवर बराच वेळ हलवत राहतात. तीळ उडू लागताच उतरवतात. खोबऱ्याचा काप तांबूस झाला की तो कढईत क्षणभरही ठेवत नाहीत. दगडफूल तेलाच्या एका थेंबावर नुसते फुलवून घेतात. सगळ्यांत शेवटी, शेगडी बंद करून, कढई थोडी निवल्यावर त्यात जिरे पडते.

जिरे इतक्या उशिरा का, असे मी विचारले तेव्हा अक्का म्हणाल्या, “जिऱ्याला जाळ सोसत नाही बघा ताई. कढईची धग असती ना, तेवढ्यावरच भाजतंय. जाळावर धरलं की वास चुलीलाच जातोय, मसाल्यात काय राहत नाही.” यापेक्षा नेमके सांगता येणे कठीण आहे. जिऱ्याचा तो ओळखीचा उग्र वास क्युमिनाल्डिहाइड नावाच्या, उष्णतेने उडून जाणाऱ्या घटकातून येतो. मंद धगीवर त्याला भाजलेपणाचा खमंगपणा जोडला जातो आणि जाळ वाढला की मूळ वास उडून कडवटपणा मागे राहतो. अक्कांच्या कढईतून उतरलेला दाणा पाहिला तर तो एकच छटा गडद झालेला असतो, काळपट कोठेही नसतो, आणि बोटांत धरून दाबला तर कुरकुरीत तुटतो.

कुटण्याबाबतही हेच. विजेच्या चक्कीत मसाला दळला तर दगड तापतो, पीठ गरम होऊन बाहेर येते आणि सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते निवायलाही वेळ लागतो. मुसळाखाली मसाला तुटतो, चेपतो, पण तेवढा तापत नाही. शिवाय तो किंचित भरड राहतो. या भरडपणाचा फायदा भाजीत दिसतो, कारण बारीक पूड रश्श्यात विरघळून सगळीकडे एकसारखी पसरते, तर भरड जिऱ्याचा कण दाताखाली येतो आणि तेवढ्या घासाला त्याची चव वेगळी कळते. चाळण मोठी लावायची की बारीक, हे येथे विचारले जाते. भाज्यांसाठी मोठी सांगावी.

घरी आणल्यावर हे जिरे मी सर्वांत आधी बटाट्याच्या सुक्या भाजीत वापरून पाहिले, कारण या भाजीत लपायला काही नसते. बटाटे उकडून पूर्ण गार केले, शक्य तर आदल्या रात्रीच उकडून ठेवले, म्हणजे फोडी परतताना पीठ होत नाहीत. अर्धा किलो बटाट्यांना तीन मोठे चमचे शेंगदाणा तेल आणि दीड छोटा चमचा जिरे. तेलातून धूर निघण्यापूर्वीच जिरे टाकावे. प्रत्येक दाण्याभोवती बारीक बुडबुड्यांचे कडे दिसले पाहिजे, दाणा तरंगत फिरला पाहिजे आणि रंग बदलू लागताच हिंग, हिरवी मिरची, हळद आणि लगेच बटाटे जायला हवेत. फोडणीत मोहरी घालायची असेल तर ती आधी तडतडू द्यावी, कारण मोहरीला लागणारी आच जिऱ्याला जाळते. जिऱ्याचा वास तेलात उतरतो आणि ते तेल प्रत्येक फोडीला लागते, म्हणून या भाजीत तेलाचा हात फार आखडता घेऊन चालत नाही. शेवटी गॅस बंद केल्यावर कांडपातून आणलेल्या भाजक्या जिऱ्याची अर्धा चमचा भरड पूड आणि लिंबू.

एकाच भाजीत जिरे दोनदा पडते आणि दोन्ही वेळा वेगळे लागते, हे या भाजीने जितके स्पष्ट दाखवले तितके दुसऱ्या कशानेही नाही. फोडणीतले जिरे तेलाच्या पाठीमागून येते, तर वरून घातलेले भाजके जिरे थेट नाकाला भिडते. पुडीतल्या जिरेपुडीने हीच भाजी केली असता वरचा वास जवळपास नव्हताच; रंग तेवढा तपकिरी झाला.

जिऱ्याची तिसरी अवस्था कच्च्या जिऱ्याची, आणि सोलापूरच्या घरांत मला ती सर्वांत अधिक आढळते. लसणाच्या पाकळ्या, कच्चे जिरे आणि मीठ खलबत्त्यात ठेचून तो गोळा फोडणीत टाकायचा, की दोडका, गवार, घेवडा, मेथी अशी कोणतीही भाजी उभी राहते. दोडक्याला त्यावर शेंगदाण्याचे कूट हवे. गवारीला कूट आणि थोडा गूळ. या भाज्यांत काळे तिखट घालणारी घरेही आहेत, पण माझ्या मते दोडक्यासारख्या पाणीदार, गोडसर भाजीचा स्वतःचा स्वाद त्याखाली बुजून जातो. तेथे ठेचलेले जिरे-लसूणच पुरेसे आहे.

वेळ अमावस्येची भज्जी हे तर याचे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल. मार्गशीर्षातील अमावस्येला, म्हणजे येळवशीला, आपल्या भागातील शेतांवर जी भज्जी होते तिच्यात तुरीचे ओले दाणे, हिरवा हरभरा, पावटा, वाटाणा, मेथी, चाकवत, कांद्याची पात असे शेतात त्या दिवसांत जे असेल ते सगळे पडते, आंबटपणासाठी चिंच आणि दाटपणासाठी बेसन लावले जाते. इतके जिन्नस एकत्र आल्यावर गरम मसाल्याची भर घालण्याचा मोह होतो. परंतु जुन्या हाताची भज्जी खाल्लेल्यांना ठाऊक असते की तिच्यात हिरवी मिरची, लसूण, आले आणि भरपूर जिरे यांपलीकडे काही नसते, आणि म्हणूनच तुरीचा दाणा तुरीसारखा आणि चाकवत चाकवतासारखे लागते. या हंगामात कांडपात कच्चे जिरे भरड कुटून मागितले तर ते देतात. एक किलो दाणे-पालेभाजीला मी दोन छोटे चमचे भरड घेते, त्यातले निम्मे फोडणीत आणि निम्मे बेसन शिजत आल्यावर.

पुढे भोगीला, सिद्धेश्वरांचे नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकासाठी निघतात त्या दिवशी, घरोघरी गाजर, वांगी, पावटा, हरभरा आणि बोरांची भाजी होते. तिच्यासाठी तीळ आणि जिरे एकत्र भाजून येथे तयार मिळतात. तेवढ्यापुरते ते चांगले आहेत, मात्र तीळ लवकर खवट होत असल्यामुळे लागेल तेवढेच घ्यावेत.

कोशिंबिरी आणि ताकाविषयी थोडक्यात सांगते. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचे कूट आणि दही घातल्यानंतर भाजक्या जिऱ्याची चिमूट पुरते. मठ्ठ्यात मात्र ती थोडी सढळ हाताने घालावी.

काळे तिखट हा या कांडपाचा मोठा व्यवसाय असल्याने त्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. आपला जिन्नस आपण नेऊन दिला तर काम उत्कृष्ट होते. माझे प्रमाण एक किलो मिरचीला अर्धा किलो धने, पाव किलो सुके खोबरे, शंभर ग्रॅम जिरे, शंभर ग्रॅम तीळ, आणि लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, तमालपत्र, नागकेशर, बाद्यान, शहाजिरे प्रत्येकी थोडे थोडे, असे आहे. मिरचीत निम्म्याहून अधिक ब्याडगी असावी, कारण ती रंग देते आणि जाळत नाही. उरलेली तिखट जातीची. धन्यांच्या मानाने जिरे पाचवा हिस्सा, हे प्रमाण मला भाज्यांसाठी योग्य वाटते. जिरे वाढवले की मसाला उग्र होतो आणि वांग्यासारख्या भाजीत तो उग्रपणा शेवटपर्यंत जात नाही.

या काळ्या तिखटाची कसोटी एण्णेगाईत घेतली. सोलापूरचे स्वयंपाकघर कर्नाटकाला इतके लागून आहे की भरल्या वांग्याला येथे बऱ्याच घरांत हेच नाव आहे. लहान काटेरी वांगी देठासकट चिरून त्यांत दाण्याचे कूट, तीळ, कारळ, चिंच, गूळ, मीठ आणि काळे तिखट भरायचे आणि सढळ तेलात झाकण ठेवून मंद शिजवायचे. कांडपातून करून आणलेल्या तिखटाने तवंग गडद तांबडा आला, खोबऱ्याचा गोडवा जाणवला, आणि लवंग-दालचिनी कोठेही पुढे आली नाही. ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर दुसऱ्या दिवशी ही भाजी अधिक चांगली लागली.

मालकांच्या तयार काळ्या तिखटाबद्दल मात्र मला तेवढे चांगले लिहिता येत नाही. त्यात लवंग जास्त आहे आणि मीठ आधीच घातलेले असल्यामुळे भाजीत मिठाचा अंदाज चुकतो. मटणाच्या रश्श्यासाठी ते चालत असेल. मटकीच्या उसळीत घातले तेव्हा मटकी बाजूला राहून लवंगच समोर आली. मी हे मालकांना सांगितले. त्यांचे म्हणणे असे की तयार तिखट घेणारे बहुतेक गिऱ्हाईक सामिष स्वयंपाकासाठीच नेते आणि मीठ घातल्याने मसाला टिकतो. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, तरी केवळ भाज्यांसाठी वापरणाऱ्यांनी हे पाकीट घेऊ नये, किंवा मालकांनी बिनमिठाचा, सौम्य असा दुसरा प्रकार ठेवावा असे मला मनापासून वाटते.

शेंगाचटणी चांगली आहे. शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ मुसळाखाली इतके कुटले जातात की दाण्याचे तेल सुटून चटणी ओलसर गोळ्यांनी उतरते, आणि सोलापुरी शेंगाचटणीची हीच खूण आहे. जिरे त्यात जेमतेम जाणवते, ते तसेच असावे. येसरही मिळतो, धान्य-डाळी मसाल्यासह भाजून दळलेले हे पीठ आमटीला दाटपणा देते, पण येथला येसर मला जरा जास्त भाजलेला वाटला.

आता त्रुटींविषयी. पहिली त्रुटी अशी की एकाच उखळात मिरची आणि धने-जिरे दोन्ही कुटले जातात. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये उखळ ब्रशने झाडतात, तरीही मिरचीनंतर कुटलेल्या जिऱ्यात तिखटपणा उतरतोच, आणि लहान मुलांच्या किंवा पथ्याच्या जेवणात ते चालत नाही. म्हणून नुसते जिरे किंवा धने-जिरे कांडून हवे असेल तर सकाळी दुकान उघडताच, मिरचीचे काम सुरू होण्यापूर्वी जावे. तसे आधी सांगून ठेवले तर पहिला नंबर राखून ठेवतात, एवढी सोय मात्र आहे.

दुसरी त्रुटी बांधणीची आहे. इतक्या काळजीने भाजलेला मसाला पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून देतात आणि तिच्यावर तारीख नसते. घरी पोहोचेपर्यंत पिशवीतून वास बाहेर येत राहतो, म्हणजे तेवढा तो मसाल्यातून कमी होत असतो. माझ्याजवळ स्टीलचे घट्ट झाकणाचे डबे असतात, ते मी नेते. कुटलेला मसाला परातीत पसरून पूर्ण निवल्यावरच डब्यात भरा, असे अक्का प्रत्येकाला बजावतात, आणि त्यासाठी परातही तेथेच देतात. भाव लिहिलेला फलक नाही, हेही नवख्या माणसाला अडचणीचे होते. सुट्या जिऱ्याचा दर पुडीतल्या जिऱ्यापेक्षा थोडा चढा असतो आणि मजुरी किलोवर घेतात; दोन्ही आधी विचारून घ्यावे.

उन्हाळ्यात, विशेषतः चैत्र-वैशाखात, येथे फार गर्दी होते आणि घाईत भाजण्याकडे नेहमीइतके लक्ष राहत नाही. भाजणाऱ्या अक्का एकट्याच, कढई एकच. ज्यांना वर्षाचे काळे तिखट करायचे आहे त्यांनी नवी मिरची आणि नवे जिरे दोन्ही बाजारात आलेले असतात अशा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच जावे, असे मी सुचवेन. तिखट वर्षभर टिकते. भाजून कुटलेले जिरे मात्र दीड-दोन महिन्यांनी उतरू लागते, त्यामुळे ते एका वेळी शंभर ग्रॅमपेक्षा अधिक कुटून घेऊ नये. बाकीचे अख्खे आणावे आणि लागेल तसे घरच्या खलबत्त्यात भरडावे.